आजी आहे तोवर व्हिसा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत परदेशात म्हाताऱ्या माणसांची सेवा करणाऱ्या फिलिपिनो बायकांवर मोठा लेख आला होता, तो वाचला आणि दिवसभर नुसती चिडचिड होत राहिली म्हणून शेवटी लिहायला बसले. लेख वाईट नव्हता हो, फोटो पण छान होते, पण त्यात निदान तीन ठिकाणी आलंय की या बायका जात्याच मायाळू असतात, हसतमुख असतात, परक्या म्हाताऱ्यांना आईवडलांसारखं बघतात, आणि शेवटी काय तर आपल्याकडच्या पोरींनी पण हा गुण घेतला तर इस्रायल, जर्मनीची दारं उघडतील. इथे माझं डोकं फिरलं. जात्याच म्हणजे काय? पोटातून शिकून येतात का बेडपॅन लावायला?

मी डोंबिवलीची. सोशल वर्कमध्ये पीएचडी केली आणि त्यासाठी २०१७ ते २०१९ मध्ये मिळून दीडेक वर्ष इस्रायलला राहून तिथल्या फिलिपिनो केअरगिव्हर बायकांशी बोलत फिरले. डोंबिवलीच्या मुलीने इस्रायलला जाऊन फिलिपिनो बायकांचा अभ्यास कशाला करायचा हा प्रश्न घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि खरं सांगायचं तर माझ्या गाईडनी पण विचारला होता. माझं उत्तर तेव्हा नीट नव्हतं. आता आहे, पण ते पुढे येईल.

आधी एक गंमत सांगते. हिब्रूत म्हाताऱ्या माणसाला सांभाळणाऱ्या बाईला ‘मेतापेलेत’ म्हणतात, पण बोलताना लोक सरळ ‘फिलिपिनित’ म्हणतात, म्हणजे फिलिपिनो बाई. देशाचं नाव हेच कामाचं नाव होऊन बसलंय. तिथे लोक आरामात सांगतात की आमची फिलिपिनित नेपाळची आहे, आणि त्यात काही विनोद झालाय हे त्यांच्या लक्षातही येत नाही. आता एखाद्या अख्ख्या देशाच्या बायकांना असं नाव कुठून मिळतं? मायेने तर नाही मिळत.

ते मिळतं सरकारी धोरणाने. फिलिपिन्समध्ये १९७४ साली हुकूमशहा मार्कोसच्या राजवटीत नवा कामगार कायदा आला आणि माणसं बाहेर पाठवणं हे सरकारचंच काम होऊन बसलं. घरात बेकारी, तिकडे तेलाचे भाव वाढल्यामुळे आखातात बांधकामं जोरात, तर म्हटलं पाठवा चार दिवस. ते चार दिवस अजून संपले नाहीत, पन्नास वर्षं होऊन गेली. १९८२ साली तर आदेश निघाला की बाहेर कमावणाऱ्याने पगारातला निम्मा किंवा त्याहून जास्त हिस्सा सरकारमान्य बँकेतूनच घरी पाठवायचा, नाहीतर पासपोर्टचं बघू. हाँगकाँगमधल्या घरकामाच्या बायकांनी त्यावर असा काही गोंधळ घातला की १९८५ ला सरकारला त्यातल्या शिक्षा मागे घ्याव्या लागल्या, आणि या त्याच ‘जात्याच हसतमुख’ बायका बरं का. १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो हाँगकाँगला जाऊन त्यांना ‘बागोंग बायानी’ म्हणून आल्या, म्हणजे नव्या वीरांगना. १९९५ मध्ये फ्लोर कॉन्टेम्प्लासियोन नावाच्या मोलकरणीला सिंगापूरने फाशी दिली तेव्हा मनिलात लोक रस्त्यावर उतरले आणि त्याच वर्षी बाहेर जाणाऱ्या कामगारांसाठी वेगळा कायदा झाला. २०२१ च्या शेवटी शेवटी तर त्यांच्यासाठी अख्खं वेगळं खातं करायचा कायदा आला. आज सगळ्या देशाच्या उत्पन्नात आठ-नऊ टक्के वाटा या पाठवलेल्या पैशांचा आहे, २०२३ मध्ये बँकांमधून ३,३०० कोटी डॉलरहून जास्त आले. त्यांच्या भाषेत त्याला ‘पादाला’ म्हणतात, पाठवलेलं. आपल्या कोकणाला हे वेगळं समजावून सांगायला नको, आमच्या आजोळी पोस्टमन दिसला की अख्खी वाडी ओटीवर यायची आणि मुंबईच्या मनीऑर्डरीवर किराणा चालायचा. फरक एवढाच की चाकरमानी गणपतीला घरी यायचा.

केअरगिव्हरचं पण तसंच. त्याचा कोर्स असतो, परीक्षा असते, सर्टिफिकेट असतं, निघायच्या आधी सक्तीचं शिबीर असतं. मी ज्यांच्याशी बोलले त्यांच्यात शिक्षिका होत्या, नर्स होत्या, एक बँकेत कॅशियर होती. उशीखाली हात कसा घालायचा, माणूस न ओढता कसा वळवायचा, गिळताना ठसका लागला तर काय करायचं, हे सगळं शिकून आलेलं. हसणं पण शिकून आलेलं असतं, हे मला एकीने हसत हसतच सांगितलं.

आता ज्या घराबद्दल लिहायचंय त्या घराबद्दल लिहिते. तेल अवीवमध्ये मी कामाला लागले पण खरं फिल्डवर्क झालं दिमोनात, खाली नेगेवच्या वाळवंटात. तिथे आपले मराठी बोलणारे बेने इस्रायल ज्यू भरपूर आहेत, अलिबाग, रेवदंडा, पेण, मुंबई इकडून गेलेले, ज्यांना कोकणात शनिवार तेली म्हणायचे कारण ते तेल गाळायचे आणि शनिवारी, ज्यूंच्या सुट्टीच्या दिवशी, घाणा बंद ठेवायचे. ओळखीच्या ओळखीतून एका आजींकडे पोचले. नव्वदीच्या जवळ आलेल्या, साठच्या दशकात अलिबागकडून गेलेल्या, पन्नासेक वर्षं हिब्रूत संसार, नोकरी, भांडणं सगळं केलेलं, पण विस्मरणाचा आजार सुरू झाला तशी हिब्रू एकेक शब्द करून गळत गेली आणि खाली राहिली ती मराठी. मुलगी बेअरशेवाला नोकरीला, तिचं मराठी मोडकंतोडकं, नातवंडांना तर येतच नाही. म्हणजे त्या घरात आजीचं बोलणं पूर्ण समजणारं कोणी उरलं नव्हतं, आणि चोवीस तास जवळ कोण तर फिलिपिन्सच्या इलोइलोची एक बाई, जिची घरची भाषा हिलिगायनोन, शाळेतली तागालोग आणि इंग्लिश, एजन्सीने शिकवलेली हिब्रू, आणि आता समोर ही मराठी.

तिने वही केली होती. साधी दोनशे पानी वही, इंग्लिश अक्षरात मराठी शब्द आणि समोर अर्थ. पानी, दुखतंय, उठव, नको गो, कुठे गेलीस, लुगडं. लुगडं या शब्दापुढे नुसतं प्रश्नचिन्ह होतं, कारण आजी रोज संध्याकाळी लुगडं मागायची आणि घरात लुगडं नव्हतंच, मग मी तिला समजावलं आणि तिने दुसऱ्या दिवशी एक जुनी चादर घडी करून आजीच्या मांडीवर ठेवली आणि आजी शांत झाली. हे मी डोळ्याने बघितलंय. सर्वात भारी म्हणजे ‘हळू हळू’. कूस बदलताना आजी ओरडायची हळू हळू, आणि फिलिपिन्समध्ये ‘हालो-हालो’ नावाचा एक गोड पदार्थ असतो, बर्फाचा चुरा, दूध, साखरेत शिजवलेले दाणे, वर जांभळ्या कंदाचं आइस्क्रीम, आपला गोळा आणि फालुदा यांचं लग्न लावल्यासारखा. पहिले दोन महिने तिला वाटायचं की म्हातारीला रात्री दोन वाजता थंड गोड खायचंय. मला सांगताना ती इतकी हसली की डोळे पुसायला लागली, म्हणाली मी तिला विचारायचे इथे वाळवंटात हालो-हालो कुठून आणू आते. आते म्हणजे त्यांच्यात मोठी बहीण, आपली आत्या नव्हे, पण मला दर वेळी आत्याच ऐकू यायची. आणि ज्याची काळजी घ्यायची त्या माणसाला त्या ‘आलागा’ म्हणतात, माझी आलागा, माझ्या कानाला ते अलगद असंच वाटायचं.

तर दर दोन तासांनी मोबाइलचा गजर. रात्री बारा, दोन, चार, सहा. उठायचं, आजीला कुशीवर करायचं, टाचेखाली उशी, कंबरेजवळची कातडी टॉर्चने बघायची की लाल झालीय का, झाली असेल तर बेडसोअरची सुरुवात, परत झोपायचं. सात वर्षं. आजीला एकही बेडसोअर नव्हता आणि तिथली नर्स येऊन बघून गेली की हेच बोलायची. आता याला माया म्हणा, माझी ना नाही, आजीवर जीव होताच तिचा. पण ती माया गजर लावून उठत होती ना. रात्रीचं हे उठणं तिच्या पगारात कुठे होतं? २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात योलांडा ग्लोटेन नावाच्या फिलिपिनो केअरगिव्हरच्या केसमध्ये ठरलं की घरात राहून सेवा करणाऱ्या बाईला कामाच्या तासांचा कायदा लागू होत नाही, म्हणजे ओव्हरटाइम नाही. ती घरातच असते, जवळीक असते, तास मोजायचे कसे असा सगळा सूर. मला हे वाचल्यावर आमचीच आजी आठवली. तिच्या शेवटच्या दोन वर्षांत आमच्याकडे ब्युरोतून चोवीस तासांची मावशी होती, परभणीकडची, आणि आम्ही सगळ्यांना कौतुकाने सांगायचो की मावशी अगदी घरच्यासारखी आहे. घरची म्हटलं की सुट्टी मागताना तिलाच चोरट्यासारखं वाटायचं. तिची पोरं कोणाकडे असतात हे आम्ही दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही, मी पण नाही, आणि मी तेव्हा सोशल वर्क शिकत होते.

इलोइलोच्या बाईंचा मुलगा तिच्या बहिणीकडे वाढत होता. बहीण नोकरी करायची म्हणून तिच्या घरी अजून आतल्या गावातली एक मुलगी कामाला. अमेरिकेतल्या आर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००० साली याला काळजीची जागतिक साखळी असं नाव दिलं, वाचताना छान वाटतं, पण प्रत्यक्षात ती साखळी म्हणजे रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर डब्याला टेकवून ठेवलेला फोन, त्यात गृहपाठ करणारा मुलगा, आणि इकडे ही आजीचं सूप गार करतेय, दोघंही एकमेकांकडे बघत नाहीयेत, नुसता फोन चालू आहे.

आता शनिवार. शनिवारी इस्रायलमध्ये बहुतेक बस बंद, दुकानं बंद, आणि तेल अवीवचं ते अवाढव्य सेंट्रल बस स्टेशन बसशिवाय उभं, पण वरच्या मजल्यावर फिलिपिनो बाजार नुसता फुललेला असायचा. सुकी मासळी, व्हिनेगर, केसाला लावायचं तेल, पैसे पाठवायचे काउंटर, प्रार्थना, कराओके. आठवडाभर दुसऱ्याच्या घरात एका खोलीत राहणाऱ्या बायका पाच-सहा जणींत मिळून जवळपास एक फ्लॅट भाड्याने घेतात, फक्त एका रात्रीसाठी. मी विचारलं एका रात्रीसाठी एवढं भाडं कशाला, तर एक म्हणाली तिथे मी माझ्या नावाने झोपते. लेखात यांना ‘तिथल्याच होऊन गेल्या’ असं म्हटलंय ना, तर त्या तिथल्या होतात ते असं, आठवड्यातून एकदा आणि स्वतःच्या खर्चाने. याच स्टेशनवर मोठमोठे पुठ्ठ्याचे खोके भरले जातात, बालिकबायान बॉक्स, त्यात साबण, चॉकलेट, टॉवेल, बूट, दोन-दोन महिने भरत राहायचं आणि बोटीने पाठवायचं. माणूस जाऊ शकत नाही म्हणून खोका जातो.

आणि माणसाला राहू पण देत नाहीत, हा लेखात अजिबात न आलेला भाग. केअरगिव्हरचा व्हिसा जास्तीत जास्त ६३ महिने, म्हणजे सव्वापाच वर्षं. त्यानंतर मुदत वाढते ती, थोडे अपवाद सोडले तर, फक्त त्याच म्हाताऱ्या माणसाकडे काम चालू असेल तर. म्हणजे तो माणूस जिवंत आहे तोवर तुम्ही देशात. आजी आहे तोवर व्हिसा. या एका नियमाने त्या नात्याचं काय होत असेल याचा विचार करा, तुम्ही कोणाची तरी नाडी बघताय आणि त्याच नाडीवर तुमच्या मुलाची फी आहे. बाई गरोदर राहिली तर २०११ पर्यंत नियम असा होता की बाळंतपणानंतर तीन महिन्यांत एकतर बाळाला मायदेशी पाठवा नाहीतर स्वतः जा, तो कोर्टाने रद्द केला. तिथेच जन्मलेली, हिब्रूच बोलणारी, तिथल्या शाळेत जाणारी मुलं, २०१० मध्ये सरकारने त्यातल्या काहींना राहू दिलं, काहींना नाही, आणि मी तिथे असतानाच २०१९ च्या उन्हाळ्यात आया आणि मुलं पकडून परत पाठवायला लागले तेव्हा त्यांच्या वर्गातली पोरं निदर्शनं करत होती. रोझ फोस्टानेस नावाची केअरगिव्हर २०१४ च्या जानेवारीत तिथल्या टीव्हीवरच्या मोठ्या गाण्याच्या स्पर्धेत पहिली आली, सगळा देश वेडा झाला, आणि मग कळलं की तिच्या व्हिसावर गाऊन पैसे कमवायची परवानगीच नाहीये, फक्त म्हातारी माणसं सांभाळायची. मंत्र्याने मध्ये पडून व्हिसा बदलून दिला तेव्हा गाता आलं.

एकट्या इस्रायलला नावं ठेवत नाहीये मी. हाँगकाँगमध्ये बाहेरून आलेला बँकवाला सात वर्षं राहिला की कायमचा रहिवासी होऊ शकतो, पण एव्हान्जेलिन वायेहोस ही १९८६ पासून तिथे घरकाम करणारी बाई कोर्टात गेली तेव्हा २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने सांगितलं की मोलकरणीचं राहणं हे त्या अर्थाने राहणं नाहीच. सत्तावीस वर्षं राहून राहिलीच नाही. मराठीत पण बरोबर सांगता येत नाही बघा हे.

आणि इस्रायलवरच्या ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात जे मारले गेले त्यात चार फिलिपिनो पण होते. त्यातली अँजलिन अगिरे, शिकलेली नर्स, आपल्या आजीबाईंना सोडून पळाली नाही आणि दोघीही गेल्या. तेव्हाही जगभरच्या पेपरांत माया, निष्ठा हेच शब्द. असेलही. पण इतकी वर्षं हेच काम केलेल्या बाईला काम करता करता मरण आलं असं कोणीच लिहिलं नाही, सैनिकाबद्दल लिहितात तसं.

आता माझं उत्तर, डोंबिवलीच्या मुलीने हे कशाला बघायचं त्याचं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये इस्रायलसाठी बांधकाम कामगारांच्या चाचण्या पुण्यात औंधच्या आयटीआयमध्ये झाल्या, आणि त्याच वेळी ५,००० केअरगिव्हर हवेत अशी मागणी आली, दहावी पास आणि ९९० तासांचं प्रत्यक्ष कामाचं ट्रेनिंग एवढी अट. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी माणसं पाठवायचा करार केलाय, त्यात नर्सिंग पण आहे. केरळचे लोक तर इस्रायलमध्ये हे काम कधीपासून करतायत. म्हणजे आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या पोरी उद्या जाणारच आहेत आणि जाऊ देत की, माझा जाण्याला विरोध नाही, पैसा खरा असतो, त्या पैशाने इलोइलोत घर झालंय, मुलगा इंजिनियरिंगला आहे. पण जाताना त्यांच्या हातात काय द्यायचं? फिलिपिन्सने पन्नास वर्षांत ठेचा खाऊन निदान कायदा केला, खातं केलं, वकिलातीत कामगारांसाठी माणूस बसवला, २०१८ मध्ये इस्रायलशी थेट करार केला कारण त्याआधी एजंट हजारो डॉलर घ्यायचे आणि पहिली एक-दोन वर्षं नुसतं कर्ज फेडण्यात जायची. आपण मात्र पुरवणीत लिहितोय की मायाळू व्हा. करारात मुदत किती, म्हातारं माणूस गेलं तर पुढे काय, सुट्टीच्या दिवशी झोपायचं कुठे, एजंटला किती द्यायचे, याची एक चौकट छापली असती त्या लेखाच्या बाजूला तर ती कापून ठेवली असती लोकांनी. अजूनही छापता येईल, माहिती मी देते, मानधन नको.

दिमोनाच्या आजी गेल्या २०१९ च्या सुरुवातीला, झोपेतच. ज्यूंमध्ये सात दिवसांचं सुतक असतं, घरचे खाली बसतात आणि लोक भेटायला येतात. मी गेले तेव्हा मुलगी खाली बसलेली, आणि इलोइलोची ही बाई आल्यागेल्यांना चहा देत होती, तिला कोणी बस म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी ती बसली नसती असं मला वाटतं. चौथ्या दिवशी मुलगीच उठून आत गेली आणि हिला हाताला धरून आपल्या शेजारी आणून बसवलं. तोवर तिचा व्हिसा संपल्यात जमा होता. मुलीने फार धावपळ केली, अर्ज केले, काही झालं नाही. वसंतात ती गेली. वही घेऊन गेली.

मागच्या महिन्यात तिचा व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज आला. तिची स्वतःची आई आता बिछान्यात आहे आणि ती बघते तिचं, दर दोन तासांनी. म्हणाली परवा रात्री आईला वळवताना माझ्या तोंडून निघून गेलं हळू हळू, तर आई डोळे उघडून म्हणाली, हालो-हालो? आत्ता? आण की मग.

पत्र फार मोठं झालंय याची कल्पना आहे. कापायचं असेल तर हाँगकाँगचा भाग कापा, वहीचा नको.

आपली एक जुनी वाचक,
डोंबिवली (पूर्व)